अॅस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलंय? भरपाईच्या अर्जाआधी हे जमवा

साखर कारखान्यात बॉयलरला, वाफेच्या पाइपांना अॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळणारे, सिमेंटचे पत्रे कापून त्यांना भोकं पाडणारे हात सांगली-मिरजेपासून कराडपर्यंत गावोगावी आहेत. धूळ तेव्हा छातीत गेली. त्रास बहुधा 20 ते 40 वर्षांनी उठतो. चढावर दम लागतो, कोरडा खोकला हटत नाही आणि टीबी समजून औषधं चालू होतात. म्हणून मिरज सिव्हिलला जा नाहीतर खासगीत, पण कुठे, किती वर्षं, कसलं काम केलं हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा आणि केसपेपरवर लिहूनच घ्या. विडी ओढत असाल तर तेही लपवू नका. दोन्ही मिळून फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी वाढतो.

अॅस्बेस्टॉसिस (या धुळीने फुफ्फुसं कडक होण्याचा आजार), तसंच अॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) हे कामगारांच्या भरपाईच्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेले आहेत. ठेकेदाराकडच्या कामगारालाही दावा करता येतो, मूळ मालकावरही जबाबदारी येते.

अर्ज कुठे करायचा हे आधी ठरवा. त्या नोकरीत पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल तर अर्ज ईएसआयकडे. आजार कामामुळे झाला का, हे तिथलं वैद्यकीय मंडळ ठरवतं. ईएसआय नसेल तर भरपाईचे दावे चालवणाऱ्या सक्षम अधिकाऱ्याकडे (जुन्या कायद्यात नुकसानभरपाई आयुक्त). आपल्याकडे हे काम बहुतेकदा कामगार न्यायालयात चालत आलंय.

छातीचा एक्स-रे, सीटी स्कॅन, श्वासाची तपासणी, असल्यास बायोप्सीचा रिपोर्ट, आधार, बँक पासबुक हे सहज जमतं. खरी दमछाक होते ती नोकरीच्या पुराव्यासाठी. पगारपावती, गेटपास, हजेरी कार्ड, पीएफचा उतारा, जे सापडेल ते ठेवा. काहीच नसेल तर सोबत काम केलेल्यांची प्रतिज्ञापत्रं घ्या, तीही माणसं हयात आहेत तोवर. अॅस्बेस्टॉस उद्योगांनी प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरी लागल्यापासून 40 वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर 15 वर्षं, यातलं जे उशिरा संपेल तोवर जपावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1995 चा आदेश आहे. ती नोंद लेखी मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

दाव्याला मुदत असते. निदान झालं की मालकाला लगेच लेखी कळवा. उशीर झालाच असेल तर कारण अर्जात स्पष्ट मांडा, ते पुरेसं वाटलं तर दावा घेता येतो. कामगार दगावला असेल तर पत्नी, मुलं अर्ज करू शकतात. मृत्यूचं कारण लिहिलेला दाखला जोडा. एक्स-रेची मूळ फिल्म मात्र पोच घेतल्याशिवाय कुणाच्या हाती देऊ नका.