अमृत उद्यान पाहायला जाताय? पास, कागदपत्रं आणि तारखांचं गणित

दिल्लीत राष्ट्रपती भवनाच्या आवारातलं अमृत उद्यान दरवर्षी वसंतात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, सर्वसामान्यांसाठी खुलं होतं. प्रवेश मोफत असतो, कुणाची ओळख किंवा शिफारस लागत नाही, नोंदणी घरबसल्या मोबाइलवर होते. एकच गोष्ट आधीच पक्की समजून घ्या. उद्यानाचा पास म्हणजे राष्ट्रपती भवन आतून पाहण्याचा पास नव्हे. दोन्हींची नोंदणी वेगळी, शुल्क वेगळं, आत जाण्याचं गेटही वेगळं. महाराष्ट्रातून एवढ्या लांब जायचं, सोबत आई-वडील किंवा मुलं असायची आणि तिथे गेल्यावर हा फरक कळायचा, असं व्हायला नको.

उद्यानाचं नाव २८ जानेवारी २०२३ रोजी बदललं. त्याआधीचं मुघल गार्डन ते हेच. घरातली मोठी माणसं अजून जुन्याच नावाने विचारतात, पण संकेतस्थळावर ‘अमृत उद्यान’ असंच शोधावं लागतं.

तारखा आधी, तिकीट नंतर?

इथे खरी पंचाईत आहे. उद्यान कधी उघडणार याची घोषणा राष्ट्रपती भवन बहुतेक वेळा जानेवारीत करतं. रेल्वेचं आरक्षण मात्र प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं. म्हणजे घोषणेची वाट पाहत बसलात तर फेब्रुवारीच्या गाड्या तोवर भरलेल्या असू शकतात. आधीच्या वर्षांवरून अंदाज बांधता येतो. २०२४ मध्ये उद्यान २ फेब्रुवारी ते ३१ मार्च आणि २०२५ मध्ये २ फेब्रुवारी ते ३० मार्च खुलं होतं. त्यामुळे फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा किंवा मार्चचा पहिला आठवडा धरून तिकीट काढायला हरकत नाही. ट्युलिप पाहायचे असतील तर फेब्रुवारीच गाठा, कारण त्यांचा बहर फार टिकत नाही. गुलाब त्यामानाने बराच काळ फुललेले असतात.

सोमवारी देखभालीसाठी उद्यान बंद असतं. बाकीचे सहा दिवस सकाळी १० ते संध्याकाळी ६ ही वेळ आहे, पण शेवटचा प्रवेश सव्वापाचला. अधूनमधून इतर कारणांनीही बंद ठेवतात. २०२५ मध्ये दिल्ली विधानसभेच्या मतदानाचा ५ फेब्रुवारी आणि होळीचा १४ मार्च हे दिवस बंद म्हणून जाहीर झाले होते. म्हणून दिल्लीत एक दिवस जास्तीचा हाताशी ठेवा, असा माझा आग्रह आहे.

कोण जाऊ शकतं?

सगळे. वय, शिक्षण, उत्पन्न, राज्य यांची अट नाही. परदेशी नागरिकही जाऊ शकतात. काही दिवस मात्र विशिष्ट गटांसाठीच राखलेले असतात आणि त्या दिवशी इतरांना प्रवेश नसतो. २०२५ मध्ये २६ मार्च दिव्यांगांसाठी, २७ मार्च संरक्षण दलं, निमलष्करी दलं आणि पोलिसांसाठी, २८ मार्च महिला आणि आदिवासी महिला बचत गटांसाठी, तर २९ मार्च ज्येष्ठ नागरिकांसाठी होता. तुमच्या घरात कुणी या गटातलं असेल तर त्या वर्षीचे राखीव दिवस नक्की पाहा. त्यांना गर्दीच्या रविवारपेक्षा हा दिवस कितीतरी सुखाचा जाईल.

नोंदणी कशी करायची

अधिकृत संकेतस्थळ एकच: व्हिजिट डॉट राष्ट्रपतिभवन डॉट जीओव्ही डॉट इन. त्यात अमृत उद्यानाचा पर्याय निवडा, मग तारीख आणि वेळेचा स्लॉट. मोबाइल क्रमांक टाकून ओटीपीने खात्री करायची आणि सोबत येणाऱ्यांची माहिती भरायची. नावं ओळखपत्रावर आहेत तशीच लिहा. आईचं नाव आधारवर एक आणि पासवर दुसरं, असं झालं की गेटवर उगाच खुलासे करत बसावं लागतं. शनिवार-रविवारचे स्लॉट लवकर भरतात. जमत असेल तर मंगळवार ते गुरुवारमधला सकाळचा स्लॉट घ्या.

उद्यानाच्या पाससाठी एक रुपयाही लागत नाही. कुणी एजंट ‘पास काढून देतो’ म्हणून पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा.

ऑनलाइन नोंदणी राहिली तरी निराश होऊ नका. गेट क्रमांक ३५ च्या बाहेरच्या सेल्फ सर्व्हिस किऑस्कवर थेट नोंदणी करण्याची सोय ठेवलेली असते. पण लांबून येणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये, असं मला वाटतं.

बरोबर काय ठेवायचं

पास मोबाइलमध्ये असला तरी एक छापील प्रत घ्या. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र, म्हणजे आधार, मतदार ओळखपत्र किंवा असंच छायाचित्र असलेलं सरकारी ओळखपत्र, जवळ हवं. परदेशी नागरिकांनी मूळ पासपोर्ट ठेवावा. आत मोबाइल, गाडीची इलेक्ट्रॉनिक किल्ली, पर्स, पाण्याची बाटली आणि तान्ह्या बाळाची दुधाची बाटली नेता येते. मोठा कॅमेरा, लॅपटॉप वगैरे मुक्कामीच ठेवून या. पिण्याचं पाणी, स्वच्छतागृहं आणि प्रथमोपचाराची सोय आत आहे.

प्रवेश गेट ३५ मधून, जिथे नॉर्थ अव्हेन्यूचा रस्ता राष्ट्रपती भवनाला मिळतो तिथून. जवळचं मेट्रो स्थानक सेंट्रल सेक्रेटेरिएट. गेल्या काही वर्षांत तिथून गेटपर्यंत दर अर्ध्या तासाने शटल बस होती.

आत काय पाहाल

घाईने एक फेरी मारून बाहेर पडू नका. सुमारे ३३० एकरांच्या आवारातली ही १५ एकरांची बाग आहे. राष्ट्रपती भवनाचे वास्तुविशारद एडविन ल्युटेन्स यांनी तिचा आराखडा १९१७ मध्ये पक्का केला, लागवड मात्र १९२८-२९ मध्ये झाली आणि ती उद्यानतज्ज्ञ विल्यम मस्टो यांच्या हाताखाली. मुख्य बागेत उत्तर-दक्षिण दोन आणि पूर्व-पश्चिम दोन असे पाण्याचे पाट एकमेकांना छेदतात आणि त्या छेदांवर कमळाच्या आकाराची कारंजी आहेत. तिथली बकुळीची झाडं जरा थांबून बघा. आपल्याकडे बकूळ मोकळी वाढते. इथे ती छाटून छाटून अळंबीसारखी गोल टोपीची केलेली आहे, आणि हा आकार वर्षानुवर्षं टिकवणाऱ्या माळ्यांचं मनापासून कौतुक वाटतं. पुढे लांब बागेत गुलाबांचे वाफे आणि शेवटी गोल बाग. ती मधल्या तळ्याकडे पायरीपायरीने उतरत जाते. गुलाबांच्या जातींमध्ये ‘मदर तेरेसा’, ‘अर्जुन’, ‘भीम’ अशी नावं सापडतात. मुलांना ती शोधायला सांगा.

चालणं बरंच आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी सकाळचाच स्लॉट घ्यावा. मार्चमध्ये दुपारी ऊन चांगलंच चटकतं.

भवनही आतून पाहायचं असेल तर

त्याच संकेतस्थळावर ‘सर्किट १’, म्हणजे मुख्य इमारत, आणि ‘सर्किट २’, म्हणजे संग्रहालय, अशी वेगळी नोंदणी करायची. शुल्क प्रत्येकी ५० रुपये. मुख्य इमारतीच्या आत छायाचित्रं काढता येत नाहीत. पूर्वीचा दरबार हॉल, म्हणजे जुलै २०२४ पासूनचा गणतंत्र मंडप, याच फेरीत येतो. उद्यान आणि इमारत एकाच दिवशी बसवायची असेल तर दोन स्लॉटमध्ये निदान तीन तासांचं अंतर ठेवा आणि प्रत्येक पासवरचं गेट नीट वाचा. शनिवारी गेलात तर चेंज ऑफ गार्ड, म्हणजे पहारा बदलण्याच्या सोहळ्याची नोंदणीही त्याच संकेतस्थळावर तपासा.

वसंत हुकला तर अलीकडे ऑगस्ट-सप्टेंबरमध्येही अमृत उद्यान काही आठवडे उघडतात. २०२४ मध्ये १६ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर असं होतं. दिल्ली लांब पडत असेल तर हैदराबादजवळ बोलारममधलं राष्ट्रपती निलयम, म्हणजे राष्ट्रपतींचं दक्षिणेतलं निवासस्थान, मार्च २०२३ पासून जवळपास वर्षभर लोकांसाठी खुलं आहे, आणि त्याचीही नोंदणी याच संकेतस्थळावर होते.