आर्केड इम्युलेशन

नाणे टाकून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमच्या यंत्राची हुबेहूब नक्कल सॉफ्टवेअरने घरच्या संगणकावर उभी करायची आणि तिच्यावर मूळ खेळ चालवायचा, याला आर्केड इम्युलेशन म्हणतात. नक्कल करणारा प्रोग्रॅम म्हणजे इम्युलेटर. जुने खेळ संगणकासाठी नव्याने लिहून विकण्याची पद्धतही होती. असे खेळ दिसायला मूळ खेळासारखे असले, तरी हाताला वेगळे लागत. इम्युलेटर खेळात काहीच बदलत नाही. तो फक्त यंत्राचे सोंग घेतो, आणि खेळाला आपण मूळ पेटीत नाही याचा पत्ताही लागत नाही.

पेटीच्या आत सर्किट बोर्ड असतो. त्यावर प्रोसेसर, आवाजाची चिप आणि खेळ साठवलेल्या रॉम चिपा असतात. १९८० च्या ‘पॅक-मॅन’मध्ये झेड८० हा प्रोसेसर सुमारे ३ मेगाहर्ट्झ वेगाने चाले, आणि त्याचा प्रोग्रॅम अवघ्या १६ किलोबाइटमध्ये मावला होता. रॉममधला मजकूर जसाच्या तसा फाइलमध्ये उतरवून घेतात. त्याला डंप करणे म्हणतात. इम्युलेटर त्यातली एकेक आज्ञा वाचतो, झेड८० ने जे केले असते ते करतो आणि त्याला किती वेळ लागला असता याचाही हिशेब ठेवतो. आजच्या संगणकाला हे काम इतके हलके आहे, की साध्या जुन्या खेळांच्या बाबतीत त्याचा बराचसा वेळ नुसता थांबून राहण्यातच जातो.

मूळ यंत्राच्या मर्यादाही नकलेत याव्या लागतात. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी तैतो कंपनीसाठी केलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये सुरुवातीला ५५ परग्रहवासी असतात आणि पडद्याच्या प्रत्येक चित्रात त्यांतला एकच पुढे सरकतो. म्हणजे अख्ख्या फौजेचे एक पाऊल पडायला जवळजवळ एक सेकंद लागतो. शत्रू मरत जातात तशी रांग आखडते आणि उरलेले वेगाने अंगावर येतात. शेवटचा एकटा तर सुसाट पळतो. ही धडकी मुद्दाम आखलेली नव्हती, यंत्राच्या मंदपणातून आली आणि निशिकादोंनी ती तशीच ठेवली. इम्युलेटरमध्ये तिच्यासाठी वेगळे काही लिहावे लागत नाही, आपोआप येते. ‘पॅक-मॅन’च्या २५६ व्या पातळीवर मोजणी आठ बिटांत न मावल्याने पडद्याचा उजवा अर्धा भाग चिन्हांच्या कचऱ्याने भरतो, तोही जसाच्या तसा.

आवाज मात्र इतक्या सहज हाती लागला नाही. ‘स्पेस इन्व्हेडर्स’चे बहुतेक आवाज प्रोग्रॅममधून नव्हे, तर ॲनालॉग सर्किटमधून निघत. त्यामुळे अनेक वर्षे मूळ यंत्राचे ध्वनिमुद्रणच जोडून काम भागवावे लागले.

या क्षेत्रातले सर्वांत मोठे नाव ‘मेम’ या इम्युलेटरचे. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी ‘पॅक-मॅन’च्या जातीच्या बोर्डांपासून सुरुवात केली आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये पहिली आवृत्ती आली. २०१५ मध्ये घरगुती संगणकांची नक्कल करणारा ‘मेस’ हा प्रकल्प त्यात विलीन झाला आणि २०१६ मध्ये मेम मुक्त परवान्याखाली आला. यंत्रांची नोंद जपणे हे आमचे काम, खेळता येणे हा त्याचा आनुषंगिक फायदा, अशी मेमकर्त्यांची भूमिका आहे. नोंद अचूक करताना रॉमच्या संचातही बदल होतात, म्हणून नव्या माणसाला या भूमिकेचा फटका लगेच बसतो. रॉमचा संच मेमच्या आवृत्तीशी जुळला नाही, तर काल चालणारा खेळ आज फाइल गहाळ असल्याचे सांगून थांबतो.

कायद्याच्या दृष्टीने इम्युलेटर आणि रॉम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोनीच्या प्लेस्टेशनची नक्कल करणाऱ्या कंपनीवरच्या सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००० साली इम्युलेटर तयार करणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. रॉममधल्या खेळाचा स्वामित्वहक्क मात्र मालकाकडेच राहतो, खेळ कितीही जुना असो. ‘रॉबी रोटो’सारखे मोजके खेळ मालकांनी अव्यावसायिक वापरासाठी मोकळे केले आहेत.

मेममध्ये ५ ही कळ दाबली की नाणे पडते, १ दाबली की खेळ सुरू होतो. नाणे फुकट झाल्याने खेळाचा तोल बिघडतो, हे कबूल करायला हवे. हे खेळ खिसा रिकामा करण्याच्या बेताने अवघड केलेले. नाणी संपतच नसतील तर जेमतेम अर्ध्या तासात शेवट दिसतो आणि हाताला कसब येत नाही. पडद्याचेही तसेच. ‘पॅक-मॅन’चे चित्र उभे, २२४ बाय २८८ ठिपक्यांचे, सेकंदाला साठाहून किंचित जास्त वेळा उमटणारे. आडव्या मॉनिटरवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. १९७९ च्या ‘ॲस्टेरॉइड्स’मध्ये तर ठिपकेच नव्हते, किरण थेट रेषा काढत असे. त्या रेषांची झळाळी सपाट पडद्यावर अजून पुरती उतरलेली नाही.

कॅपकॉमच्या १९९३ च्या सीपीएस-२ बोर्डात प्रोग्रॅम सांकेतिक रूपात असे आणि तो उलगडण्याची किल्ली बॅटरीवर तगणाऱ्या स्मृतीत. बॅटरी संपली की बोर्ड कायमचा मुका. संग्राहक तिला आत्मघाती बॅटरीच म्हणतात. २००७ मध्ये ही सांकेतिक पद्धत पूर्ण उलगडली. इम्युलेटरसाठी केलेल्या या खटाटोपातून मिळालेल्या माहितीच्या आधारे पुढे मेलेले खरे बोर्डही किल्ली पुन्हा भरून जिवंत करता येऊ लागले.