पहिल्या क्रॉस-कंट्रीची आखणी : विद्यार्थी वैमानिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी

साताऱ्यातल्या आमच्या वर्गात डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) लेखी परीक्षांची तयारी होते. ज्यांचं प्रत्यक्ष उड्डाण सुरू झालं आहे, त्यांच्यासाठी क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे आपल्या विमानतळापासून दूर दुसऱ्या विमानतळापर्यंत वाट शोधत करायच्या उड्डाणाच्या, आखणीची वेगळी बैठकही असते. त्या बैठकीला येण्याआधी हे पत्रक वाचून या. उड्डाणाला परवानगी देणारे तुमचे इन्स्ट्रक्टरच. आम्ही फक्त तुमचा हिशेब पक्का करून देतो.

सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी) पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाचा जबाबदार वैमानिक म्हणून २० तासांची क्रॉस-कंट्री लागते. त्यातलं एक उड्डाण किमान ३०० नॉटिकल मैलांचं (एक नॉटिकल मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर) असावं लागतं आणि वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरावं लागतं. तास भरणं हे निमित्त झालं. खरं शिक्षण म्हणजे धावपट्टी नजरेआड गेल्यावर आपण कुठे आहोत हे कळणं. म्हणून आमचा आग्रह असा, की सगळा हिशेब जमिनीवर संपवा. वर गेल्यावर फक्त ताडून पाहण्याचं काम उरलं पाहिजे.

बैठकीत आम्ही बारामती ते कोल्हापूर हे उदाहरण घेतो. नकाशावर सरळ रेघ मारली की अंतर सुमारे ९६ नॉटिकल मैल आणि ट्रॅक (जमिनीवरच्या मार्गाची दिशा, उत्तरेपासून अंशांत) साधारण १९० अंश येतो. ट्रॅक पश्चिमेच्या अर्ध्यात (१८० ते ३५९ अंश) पडतो, म्हणून नियमाप्रमाणे उंची सम हजार अधिक ५००, म्हणजे ४५०० किंवा ६५०० फूट. वाटेत माण तालुक्याचे डोंगर आहेत, त्यामुळे आम्ही ६५०० सुचवतो. समजा, विमानाचा हवेतला वेग ९५ नॉट (ताशी नॉटिकल मैल) आणि वारा पश्चिमेकडून २० नॉट. नाक १२ अंश उजवीकडे, म्हणजे २०२ वर ठेवावं लागतं. ग्राउंड स्पीड (जमिनीच्या तुलनेत वेग) सुमारे ८९ नॉट मिळतो आणि वेळ लागतो ६४ मिनिटं.

हे १२ अंश विसरून १९० वरच विमान धरलं तर? पाऊण तास उलटून गेल्यावर खाली मिरज दिसेल आणि कोल्हापूर उजव्या हाताला लांब राहिलेलं असेल. हे गणित प्रत्येकाकडून आम्ही हाताने करून घेतो. टॅबलेट जरूर वापरा, पण त्याने दिलेलं उत्तर बरोबर की चूक हे तुम्हाला ओळखता आलं पाहिजे.

आपल्या भागात चुंबकीय फरक (खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला कोन) जवळजवळ शून्य आहे, त्यामुळे मुलं तो धरायचंच सोडून देतात. पुढच्या प्रशिक्षणासाठी न्यूझीलंडला गेलात तर तिथे हा फरक २० अंशांच्या आसपास असतो. इथे उत्तर बदलत नसलं तरी नॅव लॉगमधला (उड्डाणाच्या हिशेबाच्या तक्त्यातला) तो रकाना भरायची सवय आत्ताच लावा.

खुणा निवडताना घाई करू नका. तलाव नकाशावर ठळक दिसतात, पण मे महिन्यात माणदेशातले कित्येक तलाव आटलेले असतात. गावं वरून एकसारखी दिसतात. नीरा नदी, किर्लोस्करवाडीजवळचा रेल्वेमार्ग, कृष्णेची वळणं, पुढे वारणा या खुणा वर्षभर दगा देत नाहीत. वरच्या उदाहरणात साधारण २२ व्या मिनिटाला दहिवडी डाव्या हाताला यायला हवी. ती उजवीकडे दिसली तर वारा चुकला आहे. ६० मैलांत एक मैल बाजूला म्हणजे एक अंशाची चूक, हे सूत्र इथे लावा. २० मैल गेल्यावर २ मैल बाजूला असाल तर चूक ६ अंशांची.

नॅव लॉगमध्ये दहिवडीच्या ओळीपुढे आम्ही आणखी एक गोष्ट लिहायला लावतो : कधी परत फिरायचं. ढग किती खाली आले तर, दृश्यमानता किती कमी झाली तर, वेळ किती मिनिटांनी चुकली तर, हे आकड्यांत लिहा. वर गेल्यावर मन "अजून थोडं पुढे जाऊन पाहू" म्हणतं. घरी शांत डोक्याने लिहिलेला आकडा त्या वेळी उपयोगी पडतो.

बाहेर पाहून करायच्या उड्डाणासाठी नियम सांगतो ती किमान मर्यादा अशी : १०,००० फुटांखाली ५ किलोमीटर दृश्यमानता, ढगांपासून आडवं १५०० मीटर आणि उभं १००० फूट अंतर. सोलोसाठी (विद्यार्थ्याच्या एकट्याच्या उड्डाणासाठी) इन्स्ट्रक्टर याहून कडक मर्यादा घालतात आणि तेच योग्य आहे. हिवाळ्यात कृष्णाकाठी सकाळचं धुकं आणि उसाचं पाचट जाळल्याचा धूर असतो, तर एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव. उन्हाळ्यात विमानाची ताकदही घटते. कोल्हापूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर आहे. ३८ अंश तापमानात घनता उंची (हवा जितकी विरळ, त्यानुसार विमानाला जाणवणारी उंची) ५२०० फुटांच्या आसपास जाते, म्हणजे धाव लांबते आणि चढण मंदावते. उड्डाण पुस्तिकेतला तक्ता त्या उंचीसाठी वाचा.

इंधनाचा हिशेब सोपा आहे. ताशी २४ लिटर धरले तर ६४ मिनिटांना सुमारे २६ लिटर. त्यात टॅक्सी आणि चढण, पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन आणि दिवसाच्या उड्डाणासाठी नियमातली ३० मिनिटांची शिल्लक मिळवा. आम्ही शिल्लक ६० मिनिटांची धरायला सांगतो.

नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना), हवामान, फ्लाइट प्लॅन, एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) क्रमांक यांची कामं उड्डाण शाळेच्या डिस्पॅचकडून (उड्डाणांची व्यवस्था पाहणाऱ्या कक्षाकडून) होत असली तरी क्रमांक तुमच्या हातात लिहिलेले असू द्या. पोहोचल्याचं कळवायला विसरू नका. ते कळलं नाही तर शोधाशोध सुरू होते.

पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी अर्ध्या वाटेतून परतली, उड्डाण रद्द झालं, तर "पैसे वाया गेले का?" असं विचारू नका. कर्ज काढून शिकवताय, तासाचा खर्च काय असतो हे आम्ही जाणतो. पण हा प्रश्न मुलांच्या मनात राहतो आणि पुढच्या वेळी ढग दिसत असताना त्यांना पुढे ढकलतो.

बैठकीला येताना चार्ट (उड्डाणाचा नकाशा), प्लॉटर (अंतर-कोन मोजायची पट्टी), फ्लाइट कॉम्प्युटर (वेग-वाऱ्याचं गणित करायचं साधन), तुमच्या विमानाच्या उड्डाण पुस्तिकेची प्रत आणि पेन्सिल आणा. मार्ग इन्स्ट्रक्टरांना विचारून ठरवलेला असावा. नॅव लॉगचे कोरे कागद आमच्याकडे मिळतील.