क्वार्टरबॅक बदला, बदलू नका: कॉलेज फुटबॉलमधल्या या वादामागची गोष्ट

सप्टेंबर संपत आला की अमेरिकेतल्या कितीतरी कॉलेज टीम्सच्या चाहत्यांमध्ये एकच भांडण सुरू असतं, आत्ताच्या क्वार्टरबॅकला (अमेरिकन फुटबॉलमधला बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) बाकावर बसवा आणि त्या नवीन पोराला खेळवा. दोन मॅच हरल्या की मग तर विचारूच नका. लांबून बघणाऱ्याला वाटतं एवढं काय त्यात, बॅटिंग ऑर्डर बदलतात तसं बदलायचं. पण तसं नाहीये, तुलना करायचीच असेल तर विकेटकीपरशी करा. धोनी होता तोवर बाकीचे चांगले कीपर बाहेरच बसले ना? इथेही जागा एकच, जवळपास प्रत्येक प्लेला बॉल आधी त्याच्याच हातात येतो आणि कुठे फेकायचा ते दोन-तीन सेकंदांत त्यानेच ठरवायचं. त्यात कॉलेजमध्ये खेळायला मिळायचे सगळे मिळून चार सीझन, म्हणजे जो बाकावर बसलाय त्याची वर्षं तशीच निघून जातात. खरा वाद इथून सुरू होतो.

पूर्वी हा वाद आजच्यासारखा नव्हताच, कारण 1972 पर्यंत मोठ्या कॉलेजांच्या मुख्य फुटबॉल टीममध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना, युद्धाच्या काळातली सूट सोडली तर, खेळायलाच मिळत नव्हतं. सीनियर आहे तो खेळणार, नवा आहे तो थांबणार, विषय संपला. एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, त्या वर्षी दार उघडलं, पण कोच लोकांची सवय लगेच थोडीच जाते! अलाबामाने 2016 मध्ये जेलन हर्ट्स या क्वार्टरबॅकला पहिल्याच वर्षी स्टार्टर (मॅच सुरुवातीपासून खेळणारा) केलं तेव्हा तिथे असं तब्बल 32 वर्षांनी घडत होतं.

मधल्या काळातलं एक उदाहरण सांगायलाच हवं. 1999 मध्ये मिशिगनचे कोच लॉईड कार यांना टॉम ब्रेडी की ड्रू हेन्सन हे ठरवता येईना, म्हणून सीझनच्या सुरुवातीच्या मॅचेसमध्ये पहिला क्वार्टर ब्रेडी, दुसरा हेन्सन आणि पुढे कोण ते हाफटाइमला ठरवायचं, असा प्रकार चालला. शेवटी जागा ब्रेडीकडेच राहिली आणि सीझनअखेरच्या ऑरेंज बोल मॅचमध्ये त्याने अलाबामाविरुद्ध 4 टचडाउन पास (समोरच्याच्या शेवटच्या पट्टीत पकडला की 6 गुण देणारे) टाकून मॅच जिंकून दिली. तरीही एनएफएल या प्रो लीगच्या खेळाडू-निवडीत त्याला 199 व्या नंबरवर उचललं. मला वाटतं अशी अर्धी-अर्धी वाटणी दोघांवरही अन्याय करते, दोन चुका झाल्या की पोराची नजर कोचकडे जाते आणि मग तो मोकळ्या मनाने बॉल फेकूच शकत नाही.

आता 8 जानेवारी 2018, अटलांटा, नॅशनल चॅम्पियनशिपची फायनल, अलाबामा विरुद्ध जॉर्जिया. आज कुठल्याही कॉलेजात हा वाद निघाला की याच रात्रीचं नाव निघतं. हर्ट्सने तोवर स्टार्टर म्हणून 27 मॅचपैकी 25 जिंकून दिल्या होत्या, अशा मुलाला कोण बसवेल? पण हाफटाइमला जॉर्जिया 13-0 ने पुढे, हर्ट्सचे 8 पैकी 3 पास पूर्ण आणि यार्ड फक्त 21. अलाबामाचा कोच निक सेबनने दुसऱ्या हाफला टुआ टॅगोवायलोआला उतरवला, पहिल्या वर्षाचा पोरगा, त्या सीझनला एकही मॅच सुरुवातीपासून न खेळलेला. त्याने एक इंटरसेप्शनही दिलं (पास समोरच्या टीमने पकडला), म्हणजे सगळं गोडगोड झालं असं नाही, पण स्कोअर 20-20 झाला. ओव्हरटाइममध्ये जॉर्जियाने फील्ड गोल (लाथेने मारलेले 3 गुण) मारून 23 केले, मग टुआ पहिल्याच प्लेला सॅक झाला, म्हणजे बॉल फेकायच्या आधीच पाडला गेला, 16 यार्ड मागे, आणि पुढच्याच प्लेला त्याने डेव्हाँटा स्मिथला 41 यार्डांचा टचडाउन टाकला. 26-23, खेळ खल्लास.

त्या रात्रीनंतर देशभरातल्या चाहत्यांना वाटायला लागलं की आपल्याही बाकावर एक टुआ बसलाय आणि कोच उगाच अडून बसलाय. मला हे पटत नाही. सेबन तो पोरगा रोज प्रॅक्टिसला बघत होता, आपण आठवड्यातून एकदा टीव्हीवर बघतो.

आणि गोष्ट तिथे संपत नाही, पुढचा भाग लोक विसरतात. 2018 च्या सीझनपासून नियम आला की मुलगा 4 मॅचपर्यंतच खेळला तर त्याचं ते वर्ष मोजायचं नाही, आणि ऑक्टोबरमध्ये ट्रान्सफर पोर्टलही (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) सुरू झालं. म्हणजे बसवलेल्या मुलाने सप्टेंबर संपायच्या आत ठरवायचं, राहायचं की जायचं. क्लेम्सनमध्ये नेमकं तेच झालं. 4 मॅच झाल्या, चारही जिंकल्या, आणि कोच डॅबो स्विनीने केली ब्रायंट या क्वार्टरबॅकला बसवून नव्या ट्रेव्हर लॉरेन्सला स्टार्टर केलं. ब्रायंटने आदल्या वर्षी टीमला प्लेऑफपर्यंत नेलं होतं. पाचवी मॅच खेळला असता तर उरलेलं एकमेव वर्ष गेलं असतं, म्हणून तो दोनच दिवसांत बाहेर पडला. लोकांनी त्याला काय काय म्हटलं, पण त्या मुलाने दुसरं काय करायला हवं होतं ते मला कोणी सांगावं.

आणि लगेच त्या शनिवारी सिरॅक्यूजविरुद्ध लॉरेन्सला मार बसून तो बाहेर! दोन आठवड्यांपूर्वी तिसऱ्या नंबरवर असलेला चेस ब्राइस आला, टीम मागे, शेवटची काही मिनिटं, आणि तिथून त्याने 94 यार्डांची ड्राइव्ह नेली, एकदा तर चौथा डाउन (10 यार्डांसाठीच्या चार संधींपैकी शेवटची), 6 यार्ड बाकी असताना टी हिगिन्सला पास टाकून वाचवली. 27-23. ती मॅच गेली असती तर स्विनीला लोकांनी फाडून खाल्लं असतं. पुढे क्लेम्सन 15-0 राहिली.

अलाबामात हर्ट्सने मात्र थांबायचं ठरवलं. 1 डिसेंबर 2018, तेच स्टेडियम, तीच जॉर्जिया, टुआचा घोटा दुखावला, अलाबामा 21-28 ने मागे. हर्ट्स आला, एक टचडाउन टाकला, एक स्वतः पळून केला, 35-28. सेबनसारखा करडा माणूस मॅचनंतर बोलताना गहिवरला. त्याच महिन्यात हर्ट्सच्या हातात डिग्री आली, जानेवारी 2019 मध्ये तो ओक्लाहोमाला गेला आणि त्या वर्षी हाइझमनच्या (सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार) मतदानात दुसरा आला.

2021 पासून तर एकदा कॉलेज बदललं तरी वर्षभर बाहेर बसायची अट गेली. त्याच ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमा टेक्सासविरुद्ध पहिल्या क्वार्टरला 7-28 ने मागे होती, कोच लिंकन रायलीने स्पेन्सर रॅटलरच्या जागी केलेब विल्यम्सला आणलं आणि मॅच 55-48 ने काढली. काही आठवडे आधी घरच्याच मैदानावर प्रेक्षक केलेबच्या नावाने ओरडत होते, आणि ते ऐकत रॅटलर खेळत होता, वय 20. सीझन संपला आणि रॅटलर साउथ कॅरोलिनाला गेला, विल्यम्स यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया) गेलेल्या रायलीच्या मागे तिकडेच, एका वर्षात दोन्ही क्वार्टरबॅक गेले. 2022 चा हाइझमन विल्यम्सने घेतला. आणि त्याच नोव्हेंबरमध्ये, ज्याला बसवा म्हणून लोक ओरडत होते त्या रॅटलरने पाचव्या नंबरच्या टेनेसीविरुद्ध 6 टचडाउन पास टाकले, 63-38.