दोन लॅन कार्डं, एक सर्व्हर आणि एआरपीची दोन उत्तरं: हा घोळ मुळात आला कुठून

एकाच सर्व्हरची दोन लॅन कार्डं एकाच स्विचला लावली आणि दोघांना एकाच सबनेटचे (पत्त्यांच्या एकाच गटातले) आयपी दिले की काय होतं ते बऱ्याच जणांनी भोगलंय. पिंग (मशीन उत्तर देतंय का ते बघायची चाचणी) लागतो, मधेच बंद पडतो, थोड्या वेळाने आपोआप परत लागतो. मी पहिल्यांदा यात अडकलो तेव्हा दोन रात्री गेल्या, केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, कार्डसुद्धा बदललं. शेवटी शेजारच्या मशीनवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावून बसलो तेव्हा दिसलं की एका आयपीसाठी 'हू हॅज' (हा कुणाकडे आहे) असा एआरपीचा प्रश्न एकच जातोय आणि उत्तरं दोन येतायत, दोन वेगळ्या मॅक अ‍ॅड्रेसची. मॅक म्हणजे कार्डाचा स्वतःचा पत्ता, आणि आयपीवरून तो शोधून टेबलात लिहून ठेवायची पद्धत म्हणजे एआरपी. कधी एक मॅक टेबलात बसायचा, कधी दुसरा. मला वाटलं लिनक्सच्या कर्नलमधे (गाभ्यात) बग असणार. बग नव्हता, आणि तो का नव्हता हे कळायला थेट १९८२ पर्यंत मागे जावं लागतं.

झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत १९७३ च्या सुमारास इथरनेट सुरू झालं तेव्हा त्यातला अ‍ॅड्रेस फक्त ८ बिटांचा होता, तो आयपीच्या ३२ बिटांत सहज मावला असता. पण नंतरच्या १० मेगाबिट इथरनेटमधे तो ४८ बिटांचा झाला आणि ३२ मधे ४८ काही मावत नाहीत. मग कुठला आयपी कुठल्या कार्डावर आहे हे शोधायचं कसं? एमआयटीतल्या डेव्हिड प्लमरने नोव्हेंबर १९८२ मधे आरएफसी ८२६ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारा दस्तऐवज) लिहून यावर जे उत्तर दिलं ते अगदी साधं आहे: सगळ्यांना ओरडून विचारा, ज्याचा आयपी असेल तो उत्तर देईल. हीच एआरपी. त्यातली पॅकेट घेणाऱ्याची पायरी वाचा, मशीन स्वतःला विचारतं की 'हा पत्ता माझा आहे का?' म्हणजे मशीनचा. प्रश्न ज्या कार्डावर आला त्या कार्डाचा का, असं तिथे विचारलेलंच नाही. त्या काळात बहुतेक मशीनला एकच कार्ड असायचं, त्यामुळे हा फरक कुणाला टोचलाही नसणार.

पुढे ऑक्टोबर १९८९ मधे आरएफसी ११२२ आला. दोन-तीन नेटवर्कांना जोडलेल्या मशीनने वागायचं कसं यावर त्यात दोन मतं मांडलीत. एक 'स्ट्राँग', म्हणजे आयपी त्या त्या इंटरफेसचा (कार्डाचा), आणि दुसरं 'वीक', म्हणजे आयपी अख्ख्या मशीनचा, कुठल्याही कार्डातून आला तरी घ्यायचा. आरएफसीने दोन्ही चालू दिली. लिनक्सने वीक घेतलं आणि एआरपीलाही तेच लावलं. जुन्या वाड्याला दोन दरवाजे असतात, कुठल्याही दारावर नाव घेऊन हाक मारली तरी आतून 'ओ' येते, तसं. माझ्या मते हा निर्णय वाईट नव्हता, कारण एक दार बंद पडलं तरी माणूस सापडतो. पण दोन्ही दारं एकाच गल्लीत उघडत असतील तर एका हाकेला दोन 'ओ' येणारच. यालाच लोक एआरपी फ्लक्स म्हणतात.

पण नुसती दोन उत्तरं आल्याने पिंग बंद पडायला नको ना, कारण वीक मॉडेलमधे कुठूनही आलेलं पॅकेट घेतलंच पाहिजे. इथे तिसरा निर्णय आडवा येतो. खोट्या सोर्स आयपीचे हल्ले वाढले तेव्हा उलट रस्ता तपासायची पद्धत आली, लिनक्समधे तिचं नाव आरपी फिल्टर. पॅकेट ज्या कार्डातून आलं त्याच कार्डातून उत्तर परत जाणार असेल तरच घ्यायचं, नाहीतर गपचूप टाकून द्यायचं. एका सबनेटच्या दोन कार्डांत परतीचा रस्ता पहिल्याच कार्डातून असतो, म्हणून शेजाऱ्याच्या टेबलात दुसऱ्या कार्डाचा मॅक बसला की पॅकेट येतं आणि मरतं, लॉगमधे एक ओळ नाही. माझ्या दोन रात्री यातच गेल्या. २००९ च्या २.६.३१ कर्नलमधे याचा सैल प्रकार आला, परतीचा रस्ता कुठल्याही कार्डातून असला तरी चालवून घेणारा. सेटिंगची किंमत शून्य म्हणजे तपासणी बंद, १ म्हणजे कडक, २ म्हणजे सैल. आणि एक लक्षात ठेवा, 'ऑल' (सगळ्या कार्डांसाठीच्या सेटिंग) ची आणि त्या इंटरफेसची यातली जी मोठी किंमत तीच लागू होते, त्यामुळे एका कार्डाला शून्य करून 'ऑल' ला १ ठेवलं तर काहीही बदलत नाही.

एआरपी गप्प करायची सोय मात्र वेगळ्याच लोकांच्या गरजेतून आली. वेनसाँग झांगने १९९८ मधे लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हर (एका आयपीवर येणारं काम अनेक सर्व्हरांत वाटायची सोय) सुरू केला, त्याच्या डायरेक्ट राउटिंगमधे एकच आयपी सगळ्या सर्व्हरांवर असतो, पण 'ओ' फक्त लोड बॅलन्सरने (काम वाटणाऱ्या मशीनने) द्यायची असते. आधी ज्युलियन अनास्तासोव्हच्या 'हिडन' पॅचवर काम भागवलं, मग २००४ मधे २.४.२६ आणि २.६.४ मधे एआरपी इग्नोर (कुठल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं) आणि एआरपी अनाउन्स (स्वतः विचारताना आपला कुठला आयपी सांगायचा) आले. आज आपण डोळे मिटून पहिल्याला १ आणि दुसऱ्याला २ टाकतो ते तिथलंच.

ब्रिजची, म्हणजे नेटवर्कचे तुकडे जोडणाऱ्या यंत्राची, गोष्ट आणखी वेगळी. डेक या संगणक कंपनीत रेडिया पर्लमनने १९८५ मधे स्पॅनिंग ट्री (ब्रिजच्या जाळ्यात पॅकेटं गोल फिरत राहू नयेत यासाठीची पद्धत) मांडलं, १९९० मधे ते ८०२.१डी या मानकात आलं. तो ब्रिज म्हणजे मधे बसलेला डबा, मशीनांना तो दिसतही नाही. लिनक्समधे तोच डबा सर्व्हरच्या पोटात आला आणि त्याला स्वतःचा आयपी आणि मॅकही मिळाला. मॅक न सांगितल्यास तो पोर्टांपैकी सगळ्यात लहान मॅक उचलतो. नवीन व्हीएम (सर्व्हरच्या म्हणजे होस्टच्या आत चालणारं आभासी मशीन) चालू झाली, तिच्या टॅपचा (तिला ब्रिजला जोडणाऱ्या आभासी कार्डाचा) मॅक लहान निघाला की होस्टचा मॅक चालता चालता बदलतो आणि बाकी सगळ्यांची एआरपी टेबलं शिळी होतात. म्हणूनच लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) टॅपच्या मॅकची सुरुवात 'एफई' ने करतं, म्हणजे तो कधी लहान ठरत नाही. मी तर ब्रिजचा मॅक हाताने लिहूनच ठेवतो.

नवशिक्यांचं हमखास चुकतं ते म्हणजे कार्ड ब्रिजमधे टाकलं पण आयपी कार्डावरच राहिला. मग एआरपीचा प्रश्न कार्डातून जातो, उत्तर ब्रिजवर आलेलं धरलं जातं, कार्डाची नोंद 'इनकम्प्लीट' (अपूर्ण) ती तशीच. टीसीपीडंपमधे उत्तर स्वच्छ दिसतं, टेबलात नाही. आयपी ब्रिजवर हलवला की संपलं.

आणि याच्या बरोबर उलटं चित्र दिसलं, म्हणजे एआरपी टेबल नीट भरलेलं, व्हीएमला गेटवेचा मॅक माहीत, पण पिंग नाही, तर आधी त्या होस्टवर डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय का बघा. ब्रिजमधून जाणारी आयपी पॅकेटं आयपीटेबल्समधे (लिनक्सच्या फायरवॉलमधे) ढकलणारा बीआर नेटफिल्टर ३.१८ पासून वेगळं मॉड्यूल आहे, डॉकर आलं की बऱ्याचदा तेही लोड होतं, आणि १.१३ पासून डॉकरने आयपी फॉरवर्डिंग स्वतः चालू केलं तर ते फॉरवर्ड चेनची (मशीनमधून पुढे जाणाऱ्या पॅकेटांच्या नियमांची) पॉलिसी ड्रॉप, म्हणजे टाकून द्या, अशी करून ठेवतं. एआरपी त्या चेनमधून जातच नाही, म्हणून ते बिनबोभाट चालतं आणि आयपी तेवढं अडकतं.