सायकलची सीट: मऊ की कडक, हा वाद आला कुठून

नवी सीट घ्यायला गेलेला माणूस आधी ती अंगठ्याने दाबून बघतो. जास्त दबली तर चांगली, असा साधा हिशेब. पण सीटचा मागचा प्रवास पाहिला तर ही अंगठ्याची परीक्षा वारंवार नापास झालेली दिसते. दर पिढीतल्या बनवणाऱ्यांनी मऊपणाच्या मागे धाव घेतली आणि शेवटी हाडांच्या प्रश्नाकडे परत आले.

ताठ बसलं की आपलं वजन कमरेच्या सांगाड्याच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर येतं. लाकडी बाकावर बसून ढुंगणाखाली हात सरकवला तर ती बोटांना नीट लागतात. त्यांच्यातलं अंतर साधारण 10 ते 16 सेंटिमीटर, माणसागणिक वेगळं, आणि अंगकाठी बघून ते ओळखता येत नाही. ही हाडं भार पेलण्यासाठीच आहेत. त्यांच्या मधल्या मऊ भागातून मात्र जननेंद्रियांकडे जाणारी नस आणि रक्तवाहिन्या जातात. हँडलवर जितकं पुढे वाकावं तितका सांगाडा पुढे कलतो आणि भार हाडांवरून या मऊ भागाकडे सरकतो. मुंग्या येणं, बधिर होणं इथूनच सुरू होतं. सीटचा स्पंज फार मऊ असेल तर हाडं त्यात रुततात आणि मधला स्पंज वर उचलला जाऊन नको तिथेच दाबतो. जेलच्या गुबगुबीत कव्हरवर पहिले दोन दिवस छान जातात आणि लांबच्या फेरीत त्रास वाढतो, तो यामुळे.

सुरुवातीला ही चिंताच नव्हती, कारण रस्त्याचे धक्केच इतके असत. कार्ल ड्राइस यांनी 1817 मध्ये मानहाइममध्ये जी दुचाकी चालवली तिला पॅडल नव्हते. पायाने जमीन ढकलत जायचं, त्यामुळे काही भार पायांवरही. 1860 च्या दशकात पॅरिसच्या मिशो यांच्या गाडीला पॅडल आले, पण चाकं लाकडी आणि त्यावर लोखंडी पट्टी. इंग्रजांनी तिला हाडं खिळखिळी करणारी गाडी म्हणायला सुरुवात केली, यात सगळं आलं. म्हणून सीट एका लांबलचक पोलादी पट्टीच्या स्प्रिंगवर बसवत. त्या काळी आराम म्हणजे धक्के कमी लागणं, बाकी काही नाही.

दोन गोष्टींनी चित्र बदललं. 1885 मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची रोव्हर आली, जवळजवळ सारख्या दोन चाकांची आणि साखळीची. 1888 मध्ये बेलफास्टमध्ये डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. धक्के टायरनेच गिळायला सुरुवात केली, सायकल रोजच्या वापरात आली, लोक तासन्‌तास बसू लागले, आणि मग दुखणं नेमकं कुठे आहे हे कळायला लागलं.

याच सुमाराला चामड्याची सीट घडत होती. बर्मिंगहॅमचे जॉन बोल्टबी ब्रूक्स हे घोड्यांचं खोगीर आणि चामड्याचं सामान बनवणारे. घोडा मेला, उसनी सायकल घेतली, सीट इतकी टोचली की स्वतःच बनवायला घेतली, असा किस्सा कंपनी सांगते. किस्सा जाहिरातीला सोयीचा आहे हे उघड आहे, पण 1882 चं पेटंट खरं आहे.

या सीटची रचना जवळून बघण्यासारखी आहे. तिच्यात स्पंज नसतोच. जाड चामड्याचा एक तुकडा पुढच्या टोकाला आणि मागच्या पट्टीला रिव्हेट मारून ताणून बसवलेला, खाली फक्त हवा. पुढच्या टोकाखाली एक नट असतो. चामडं सैल पडलं की तो पाव-अर्धा फेरा फिरवून ताण वाढवायचा. नवी असताना ती फळीसारखी कडक लागते. काही शे किलोमीटर झाले की हाडांच्या जागी दोन खळगे पडतात आणि ती सीट त्या एका माणसाची होते. म्हणजे तुमचं माप सीटच घेते, फक्त सावकाश, आणि तोवर तुम्ही सोसायचं. पाऊस तिला चालत नाही. वजन अर्ध्या किलोच्या घरात. ब्रूक्सचं बी17 हे मॉडेल 1890 च्या दशकातलं आणि ते आजही विकलं जातं. लांब पल्ल्याचे सायकलस्वार तिच्यावर अजून जीव टाकतात.

खरी गंमत 1890 च्या दशकातच आहे. स्त्रिया मोठ्या संख्येने सायकलवर बसू लागल्या आणि डॉक्टरमंडळी अस्वस्थ झाली. काहींना नसांची आणि मऊ भागांची काळजी होती, ती रास्तच. काहींना मात्र सीटच्या टोकामुळे बायकांना ‘नको ती’ उत्तेजना मिळेल, ही भीती. त्यावर तेव्हाच्या वैद्यकीय नियतकालिकांत गंभीर चेहऱ्याने चर्चा झाली आहे. कारण काहीही असो, त्यातून ‘आरोग्यदायी’ सीटांची लाट आली. अमेरिकेतली ख्रिस्टी सीट त्यात गाजलेली: धातूच्या तळावर दोन हाडांसाठी दोन वेगळ्या गाद्या आणि मध्ये मोकळी जागा. तिच्या जाहिरातीत कमरेच्या सांगाड्याची दोन चित्रं असत, एकात साध्या सीटवर हाडं कशी लोंबकळतात आणि दुसऱ्यात ख्रिस्टीवर कशी टेकतात. आजच्या कुठल्याही महागड्या सीटचं माहितीपत्रक याहून वेगळं काही सांगत नाही.

मग ती लाट का विरली? एक कारण असं की टोक हे केवळ त्रास द्यायला नसतं. वळणावर मांड्या त्याला टेकतात, सायकल त्यावरून सावरली जाते. बिनटोकाच्या सीटवर सुरुवातीला माणूस तरंगल्यासारखा होतो. दुसरं, सीटचा आकार शर्यतीचे लोक ठरवू लागले. त्यांना हवी होती अरुंद, लांब, मांड्यांना न घासणारी सीट, आणि त्यांची बघून बाकीच्यांनीही तीच लावली. पुढची बरीच दशकं सीटच्या आकारात फार काही घडलं नाही.

बदल झाला तो साहित्यात. 1960 च्या दशकात इटलीत चिनेल्ली यांनी युनिकॅनिटॉर ही प्लास्टिकच्या कवचाची सीट आणली. ती हलकी होती आणि पावसाने बिघडत नसे, पण अंगाच्या आकाराप्रमाणे घडतही नसे. म्हणून कवचावर पातळ स्पंज आणि वर चामड्याचं आवरण आलं. हीच घडण आजवर टिकली आहे. 1980 च्या दशकात स्पंजात जेल भरायची पद्धत आली. 1990 मध्ये सेल्ले इटालिया कंपनीची फ्लाइट ही सीट आली ती टायटॅनियमच्या रेलवर, म्हणजे सीटखालच्या दोन दांड्यांवर, वजन 200 ग्रॅमच्या आसपास, आणि पुढची काही वर्षं सगळेच हलकेपणाच्या मागे लागले.

1997 मध्ये बॉस्टनचे मूत्ररोगतज्ज्ञ अर्विन गोल्डस्टाइन यांनी सीटमुळे रक्तवाहिन्या दबून पुरुषांना नपुंसकत्व येतं असं जाहीरपणे मांडलं, तेही अतिशय ठसक्यात. खळबळ माजली. मध्ये लांब चीर किंवा खाच असलेल्या सीट धडाधड बाजारात आल्या. स्त्रियांसाठी अशी चीर अमेरिकेतल्या सायकल बनवणाऱ्या जॉर्जेना टेरी यांनी काही वर्षं आधीच आणली होती, पण पुरुषांची काळजी सुरू झाल्यावर तिला बाजार मिळाला, हे नोंदवायलाच हवं.

गोल्डस्टाइन यांच्या दाव्यांवर वाद झाला, पण त्यामुळे मोजमाप सुरू झालं. 2002 मध्ये जर्मन संशोधकांनी पुरुषांना वेगवेगळ्या सीटवर बसवून शिश्नातल्या ऑक्सिजनचं प्रमाण मोजलं. अरुंद आणि भरपूर स्पंजाच्या सीटवर ते सरासरी 82 टक्क्यांनी घटलं, रुंद आणि स्पंज नसलेल्या चामड्याच्या सीटवर सुमारे 64 टक्क्यांनी, आणि रुंद, बिनटोकाच्या सीटवर फक्त 20 टक्क्यांनी. अंगठ्याने दाबून सीट निवडणाऱ्यांनी हे तीन आकडे बघावेत. अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या 90 पोलिसांना सहा महिने बिनटोकाच्या सीट देऊन झालेला अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बधिरपणाच्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या. पुढे 2018 मध्ये हजारो पुरुषांच्या पाहणीत सायकलस्वारांचं लैंगिक आरोग्य पोहणाऱ्या-धावणाऱ्यांपेक्षा वाईट आढळलं नाही. बधिरपणा मात्र खरा निघाला. वीस टक्क्यांहून जास्त वेळ पॅडलवर उभं राहणाऱ्यांना तो कमी जाणवत होता. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही.

या सगळ्यातून रुंदी मोजायची पद्धत रुजली. पन्हाळीदार पुठ्ठ्यावर किंवा मेमरी फोमवर बसायचं, उठायचं, आणि उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यांतलं अंतर घ्यायचं. त्यात आपल्या वाकण्यानुसार थोडी भर घालून सीटची रुंदी ठरते. एकाच मॉडेलच्या दोन-तीन रुंदी मिळणं ही गोष्ट या शतकातली.

शर्यतीचे नियमही अडसर होते. यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या नियमानुसार सीटची लांबी 24 ते 30 सेंटिमीटरमध्ये असावी लागते आणि ती जवळजवळ सपाट ठेवावी लागे. पुढे वाकून शर्यत करणाऱ्या स्त्रियांना याचा फार त्रास होई, जखमा होत. ब्रिटिश संघाने पाठपुरावा केला आणि 2016 पासून 9 अंशांपर्यंत कल चालू लागला. त्याच सुमारास 24 सेंटिमीटरच्या आखूड टोकाच्या सीट आल्या आणि आता पुरुषांच्या शर्यतीतही त्याच दिसतात. 2019-20 पासून थ्रीडी छपाईच्या जाळीदार सीट निघाल्या. स्पंजाऐवजी बारीक जाळी, हाडांखाली दाट आणि मध्ये विरळ.

प्रत्येक मापाला एक अपवाद निघतो, त्यामुळे बदलून बघण्याला अजून पर्याय नाही. ते परवडतं, कारण सीटखालच्या दोन रेल बहुतेक सगळीकडे 7 मिलिमीटर जाडीच्या गोल असतात. 1990 ची फ्लाइट आजच्या सीटपोस्टवर, म्हणजे सीट धरणाऱ्या दांड्यावर, सहज बसते. कार्बनच्या रेल मात्र बऱ्याचदा 7 बाय 9 मिलिमीटरच्या अंडाकृती असतात. त्या सगळ्या पकडींत बसत नाहीत आणि जबरदस्तीने आवळल्या तर तडकतात, तेव्हा सीट मागवण्याआधी सीटपोस्टची पकड बघून घ्यावी.