टेलोमरेज: मूलपेशींना हवं, कर्करोगाच्या गाठीलाही हवं

बीड-धाराशिवकडे उसाच्या फडात तंबाखू-चुना मळून गालफडात धरणारी माणसं जागोजागी दिसतात. त्या गालाच्या अस्तरात, अगदी तळच्या थरात, मूलपेशी असतात. जेवताना झिजलेलं अस्तर त्या जन्मभर भरून काढतात. त्यासाठी त्यांना सतत विभागावं लागतं आणि प्रत्येक विभागणीत गुणसूत्राचं, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या धाग्याचं, टोक थोडं आखडतं.

लातूरच्या आडतीवर तुरीचं पोतं शिवून झालं की सुतळीला गाठ मारतात, नाहीतर शिवण उसवते. गुणसूत्राच्या टोकाची गाठ म्हणजे टेलोमिअर. टीटीएजीजीजी ही डीएनएची सहा अक्षरं तिथं हजारांहून जास्त वेळा ओळीनं येतात. साध्या पेशीत दर विभागणीला त्यातली साधारण ५० ते १०० अक्षरं गळतात. प्रयोगशाळेत माणसाच्या पेशी ४० ते ६० विभागण्यांनंतर थांबतात, हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ साली दाखवलं.

मूलपेशींना इतक्या लवकर थांबून कसं चालेल? त्यांच्याकडे टेलोमरेज असतं. हे विकर (एन्झाइम) गळलेली अक्षरं पुन्हा जोडतं. कॅरोल ग्रायडर आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना ते १९८४ मध्ये तळ्यातल्या एका एकपेशीय जिवात सापडलं. २००९ चं नोबेल त्यांना जॅक शोस्टॅक यांच्यासोबत मिळालं. आपल्या रक्ताच्या मूलपेशींत मात्र ते बेताचंच असतं. झीज लांबते, थांबत नाही. काहींमध्ये जन्मतःच ते अपुरं पडतं. मग नखं बिघडतात, जिभेवर पांढरे चट्टे येतात आणि रक्त तयार करणारा अस्थिमज्जा हळूहळू निकामी होतो.

टोकं आखूड झाली की पेशीला थांबण्याचा इशारा मिळतो, पण तंबाखूनं डीएनए बिघडलेली पेशी तो मानत नाही. विभागत राहते, टोकं संपतात, गुणसूत्रं एकमेकांना चिकटतात आणि अशा बहुतेक पेशी मरतात. एखादी टेलोमरेज पुन्हा चालू करते, आणि कर्करोगाची गाठ तिच्यापासून वाढते. सुमारे ८५ ते ९० टक्के कर्करोगांत हे विकर जागं असतं. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर थांबू नका; छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, तिथं दाखवा.

मग टेलोमरेजच बंद पाडावं का? इमेटेलस्टॅट हे औषध तेच करतं. अस्थिमज्जाच्या एका विकारासाठी, ज्यात बिघडलेल्या मूलपेशी वाढत जातात, अमेरिकेत २०२४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. काही रुग्णांची वारंवार रक्त चढवण्यातून सुटका झाली. पण बऱ्याच जणांच्या प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशीही घसरतात, म्हणून डॉक्टर नेमानं रक्त तपासतात आणि गरज पडली तर पुढचा डोस लांबवतात.